साडेसहा वाक्ये

जगात चालवण्यासारख्या वस्तू पुष्कळ आहेत. कोणी सायकल चालवतो, कोणी पानटपरी चालवतो, कोणी कसेबसे घर चालवतो, आणि आमच्या भागात नुसती जीभ चालवून सरपंच झालेली माणसेही मी पाहिलेली आहेत. पण मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी चालवलेली आणि बहुधा पहिल्याच वळणावर उलटवलेली वस्तू म्हणजे व्याकरण. ‘खालील वाक्यातील अधोरेखित शब्दांचे व्याकरण चालवा’ हा प्रश्न दिसला की भल्याभल्यांची शाई वाळायची. जुन्या पुस्तकांत या प्रकाराला ‘पदपरिस्फोट’ असे भारदस्त नाव होते. नाव ऐकून वाटावे, की वर्गात सुतळी बॉम्ब फुटणार आहे. प्रत्यक्षात करायचे एवढेच, की वाक्यातला एकेक शब्द बखोटीला धरून उभा करायचा आणि त्याला विचारायचे : तुझी जात कोणती? लिंग? वचन? विभक्ती? आणि मुख्य म्हणजे, या वाक्यात तू कोणाचा कोण?

हा उलटतपास मी हिंगोली जिल्ह्यातल्या शाळांतून बत्तीस वर्षे घेतला. खरे तर नोकरीला लागलो तेव्हा जिल्हा परभणी होता. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला आणि मी खुर्चीवरून न उठता दुसऱ्या जिल्ह्यात गेलो. बदलीसाठी आयुष्यभर खेटे घालणाऱ्या आमच्या जातीत असे भाग्य दुर्मिळच.

हे सगळे आज आठवायचे कारण माझा पुतण्या. तो पुण्याला संगणकाचे काम करतो. दसऱ्याला घरी आला तेव्हा मी सहज विचारले, की बाबा रे, तू नेमके करतोस तरी काय? तो म्हणाला, ‘‘काका, पार्सिंग.’’

‘‘पासिंग?’’ मी म्हटले. ‘‘मग पुण्याला कशाला जायचं? आपलं एमएच-३८ पासिंग इथंच होतं की.’’

आतून सौ. म्हणाली, ‘‘पार्सल म्हणतोय तो. यष्टीतलं.’’

मग त्या बिचाऱ्याने अर्धा तास खर्चून समजावून सांगितले, आणि मी उडालोच. पार्सिंग म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आमचे व्याकरण चालवणे! फरक इतकाच, की इथे विद्यार्थ्याच्या जागी यंत्र. आम्ही जो प्रश्न सातवीच्या पोरांना घालत होतो, तोच गेली सत्तर वर्षे शहाणी माणसे यंत्राला घालत आहेत, आणि यंत्रही आमच्या पोरांसारखेच खिडकीबाहेर बघत आहे.

या परीक्षेचा पहिला मोठा जाहीर पेपर ७ जानेवारी १९५४ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. आयबीएम कंपनी आणि जॉर्जटाउन विद्यापीठ यांनी मिळून यंत्राकडून साठाहून अधिक रशियन वाक्यांचे इंग्रजी करून दाखवले. यंत्राची शिदोरी किती? शब्द अडीचशे आणि व्याकरणाचे नियम सहा. सहा! आमच्याकडे विभक्तीच आठ. पण अमेरिकन माणसाचा उत्साह दांडगा. तीन ते पाच वर्षांत काम फत्ते, असे सांगण्यात आले. बारा वर्षांनी, म्हणजे १९६६ साली, सरकारी समितीने प्रगतिपुस्तक काढले. त्यात असा लाल शेरा पडला, की पैशांचा ओघच आटला. शिकवणीची फी बंद झाल्यावर शिकवणीचे जे होते तेच झाले.

मधल्या काळात हार्वर्डच्या यंत्राला एक साधे इंग्रजी वाक्य दिले होते. वेळ बाणासारखा उडून जातो, अशा अर्थाचे. इंग्रजीत ‘उडतो’ आणि ‘माशा’ यांना एकच शब्द आहे आणि ‘सारखा’ व ‘आवडतो’ यांनाही एकच. यंत्राने इमानेइतबारे त्याचे तीन-चार अर्थ काढून हातात ठेवले. त्यांपैकी एक असा, की ‘काळमाशी’ नावाच्या कुठल्याशा माशांना बाण फार आवडतो. हसण्यासारखे काही नाही. नियमांप्रमाणे उत्तर बरोबर होते. अशा विद्यार्थ्याला शून्य देताना हात थरथरतो.

आणि इंग्रजीला तरी का हसावे? ‘मांडवात वर वर बघत होता.’ यातला कोणता ‘वर’ घोड्यावरून आलेला आणि कोणता आकाशाकडचा? ‘गुरुजींनी बंड्याला पळताना पाहिले.’ पळत कोण होते? शाळेत असताना असल्या वाक्यावर वर्ग हसायचा, कारण पळणारे गुरुजी त्यांनी पाहिलेले होते. यंत्राने पाहिलेले नव्हते. एवढीच तर यंत्राची अडचण आहे.

आता नियमांच्या बाबतीत आपले घराणे फार जुने. पाणिनीने अडीच हजार वर्षांमागे-पुढे सुमारे ४००० सूत्रांत संस्कृतचे यंत्र उभे केले. ते इतके चोख, की १९६७ साली एका अमेरिकन संगणकवाल्याने संगणकाच्या भाषा मांडायच्या पद्धतीला पाणिनीचे नाव जोडावे, अशी सूचना केली होती. मराठीचे पहिले छापील व्याकरण मात्र १८०५ साली विल्यम कॅरे या मिशनऱ्याने बंगालात श्रीरामपूरला बसून काढले. पुढे १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी आपले व्याकरण लिहिले आणि १९११ साली मोरो केशव दामल्यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ लिहून मराठी विद्यार्थ्यांच्या चार-पाच पिढ्यांची सोय किंवा गैरसोय, काय म्हणायचे ते म्हणा, करून ठेवली.

हे ग्रंथ निर्माण होत असताना आमच्या हिंगोलीत निजामाचा अंमल होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो टिकला. माझ्या वडिलांचे शिक्षण उर्दूत झाले, त्यामुळे त्यांनी व्याकरण चालवले ते उजवीकडून डावीकडे. घरातले जुने कागद मोडीत. मोडी लिहिताना लेखणी उचलायची नाही आणि दोन शब्दांत जागा सोडायची नाही. सबंध ओळ म्हणजे डबे जोडलेली मालगाडी. तिचे व्याकरण चालवण्याआधी शब्द सुरू कुठे होतो, हेच ठरवावे लागे, आणि शेताची हद्द त्यावर अवलंबून असली तर ते कोर्टात ठरे.

पण मूळ मुद्दा यंत्राचा. नियम पाठ करून यंत्र पास होईना, तेव्हा १९९० च्या सुमारास शिकवण्याची पद्धतच बदलली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया विद्यापीठात माणसे बसवली आणि वॉल स्ट्रीट जर्नल या वर्तमानपत्रातल्या सुमारे दहा लाख शब्दांचे व्याकरण हाताने चालवून घेतले. वाक्याची फांद्यांसारखी आकृती होते म्हणून अशा संग्रहाला ते लोक ‘वृक्षपेढी’ म्हणतात. मग यंत्राला सांगितले, की बाबा, नियम-बियम सोड. ही सोडवलेली प्रश्नपत्रिका. तू अंदाज कर, उत्तर ताडून पाहा, चुकलास की मनातला कल थोडा बदल आणि पुन्हा अंदाज कर. असे लाखो वेळा. याला म्हणायचे यंत्राचे शिक्षण. मी म्हटले, ‘‘म्हणजे गाईड वापरून अभ्यास!’’ आम्ही ज्या गोष्टीसाठी पोरांना बाकावर उभे केले, तिच्यावर आता परदेशात डॉक्टरेट मिळते.

आणि गाईड लागू पडले. १९९७ पर्यंत यंत्र ८८ टक्क्यांवर गेले. फक्त त्याला शेअर दलालांचे इंग्रजी तेवढे उत्तम येई.

पुढे २००३ साली स्वीडनच्या योआकिम निव्रे यांनी जी रीत मांडली, ती मला फार आवडली, कारण ती मी शेकडो वेळा पाहिलेली आहे. लग्नात मांडवाच्या तोंडाशी वही घेऊन आहेर लिहून घेणारा एक गृहस्थ बसतो ना, तो म्हणजे हे यंत्र. शब्द एकेक करून आत येतात. प्रत्येकाला विचारायचे, ‘‘कोणाकडचे?’’ नाते लागले तर लगेच जोडून द्यायचे. नाही लागले तर ‘‘बसा जरा’’ म्हणून खुर्चीवर बसवायचे. पुढचा आला की खुर्चीवरच्याशी त्याचे जुळते का ते बघायचे. नाते कधी जोडायचे आणि कधी थांबायचे, एवढाच निर्णय. आणि तो निर्णय सोडवलेल्या वाक्यांवरून शिकायचा. मराठीत मात्र या गृहस्थाची पंचाईत होते. आपल्याकडे क्रियापद बहुधा शेवटी येते. म्हणजे सगळे पाहुणे खुर्च्यांवर येऊन बसले आहेत, आहेर मांडीवर आहेत, आणि नवरदेवाचाच पत्ता नाही!

शिवाय इंग्रजी वाक्यात शब्दांची जागा म्हणजे आरक्षण. जागा बदलली की माणूस बदलला. आपल्याकडे ‘पाटलाने चोराला धरले’ म्हणा, ‘चोराला पाटलाने धरले’ म्हणा, नाहीतर ‘धरले पाटलाने चोराला’ म्हणा, तुरुंगात चोरच जातो. औंढा नागनाथाला गेलात तर पुजारी सांगतील, की नामदेवांना मागच्या बाजूला जाऊन कीर्तन करायला लावले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. देवळाची दिशा बदलली, देव तोच राहिला. मराठी वाक्य हे असे औंढ्याच्या देवळासारखे आहे. ते विभक्तीच्या पायावर उभे आहे, आणि त्या विभक्तीचे प्रत्यय एकमेकांच्या खांद्यावर चढतात. ‘शेजाऱ्यांकडच्यांनासुद्धा’ हा एक शब्द. यात शेजारी आहेत, त्यांचे घर आहे, त्या घरातली माणसे आहेत, त्यांना काहीतरी द्यायचे आहे आणि वर ते दिल्याबद्दलचा थोडा रागही आहे. इंग्रजाला याला पाच शब्द लागतील, आणि रागाचा सहावा.

तरी नुसत्या प्रत्ययावर विसंबून चालत नाही. ‘रामाने चाकूने आंबा कापला.’ ‘ने’ दोन. एक कर्ता, दुसरे साधन. आमच्या वर्गातले एक पोर ‘चाकूने रामाला कापले का?’ असे विचारून मोकळे झाले होते. इथे पाणिनी पुन्हा कामाला आला. प्रत्यय वेगळा आणि कारक वेगळे, हे त्याने सांगूनच ठेवले होते : क्रियेशी कोणाचे काय नाते ते पाहा. विशेष म्हणजे फ्रान्समध्ये ल्युसियें तेनियेर या भाषापंडिताने याच वाटेने जाऊन वाक्यात क्रियापद हेच केंद्र, बाकीचे सगळे त्याचे आश्रित, असे मांडले. त्याचे पुस्तक तो वारल्यावर १९५९ साली निघाले. आपल्याकडे कानपूरच्या आयआयटीत विनीत चैतन्य, राजीव संगल आदी मंडळींनी १९९५ मध्ये पाणिनीच्या दृष्टीने संगणकाला भाषा कशी शिकवावी यावर ग्रंथ काढला. पुढे हैदराबादच्या संस्थेत हिंदीची हजारो वाक्ये याच पद्धतीने चालवली गेली. खुणा बघा : के-१ म्हणजे कर्ता, के-२ म्हणजे कर्म, के-३ करण. षष्ठीला मात्र ‘के’ नाही, ‘आर-६’. कारण षष्ठी हे कारक नव्हे! हे ऐकले तेव्हा मी पुतण्याला जवळ घेतले. बत्तीस वर्षे हे वाक्य मी फळ्याला सांगत होतो. ऐकणारे कोणीतरी हैदराबादेत बसले होते तर.

मग मी स्वाभाविकपणे विचारले, ‘‘आणि मराठीची किती वाक्ये चालवलीत?’’

पुतण्याने खाली पाहिले. जगभरच्या भाषांची अशी चालवलेली वाक्ये एकाच साच्यात ठेवण्याचा एक मोठा उपक्रम आहे. त्यात २०१७ च्या सुमारास मराठीचाही संग्रह दाखल झाला. एकूण वाक्ये ४६६. बहुतेक गोष्टींतली. आणि संग्रहाच्या नावाला जोडलेली संस्था पुण्या-मुंबईची नव्हे, तर प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाची. त्याच साच्यात हिंदीची वाक्ये साडेसोळा हजारांवर आणि खुद्द प्रागकरांच्या चेक भाषेची, त्यांच्या एकाच संग्रहात, सत्त्याऐंशी हजार. चेक बोलणारे लोक एक कोटीच्या आसपास. मराठी बोलणारे २०११ च्या जनगणनेप्रमाणे आठ कोटी तीस लाख.

मास्तर माणूस. हिशेब केल्याशिवाय झोप कुठली? आठ कोटी तीस लाखांत ४६६ वाक्ये वाटली तर सुमारे एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार माणसांमागे एक वाक्य पडते. त्याच जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११,७७,३४५. सगळे मराठीच बोलतात असे धरले तर आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला येतात साडेसहा वाक्ये. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि वसमत या पाच तालुक्यांत ती वाटायची. एकेक दिले तरी दीड वाक्य उरते, आणि ते हळदीच्या मोंढ्यामुळे वसमतकरच मागणार. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पेढे नक्कीच साडेसहाच्या वर होते.

पुतण्या म्हणाला, ‘‘काका, आता झाडं कोण लावतो? ते जुनं झालं.’’ २०१६ साली गूगलने आपले व्याकरण चालवणारे यंत्र खुले केले, त्याला नाव दिले पार्सी मॅकपार्सफेस. (सौ.ला वाटले, कोणी पारशी गृहस्थ असावेत.) इंग्रजी बातम्यांत त्याला चौऱ्याण्णव टक्के. चौऱ्याण्णव म्हणजे बोर्डात येण्यासारखे. पण वीस शब्दांच्या वाक्यात तरीही सरासरी एक शब्द चुकीच्या घरी नांदायला जातो. त्यानंतरची यंत्रे तर कोट्यवधी पाने नुसती वाचून शिकतात. त्यांना कर्ता-कर्म कोणी सांगत नाही. २०१९ मध्ये स्टॅनफर्डच्या दोघांनी अशा एका यंत्राच्या पोटात डोकावून पाहिले, तर आत वाक्याचे झाड आपोआप उगवल्याच्या खुणा दिसल्या. न शिकवता शिकणारा विद्यार्थी! मास्तरांच्या संघटनेने दखल घ्यावी असा हा मामला आहे.

पण ‘वाचून शिकते’ या शब्दांवर मी अडलो. वाचते काय? छापलेले. आणि आमच्याकडचे छापतो कोण?

नामदेवांचेच घ्या. नरसी आमच्या हिंगोलीपासून जवळ. परंपरा त्यांचा जन्म १२७० चा सांगते. शिंप्याचे पोर पंजाबपर्यंत गेले आणि गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे जाऊन बसली. एवढा मोठा माणूस. आता त्यांची ‘नामा म्हणे’ ही नाममुद्रा आजच्या मराठीवर शिकलेल्या यंत्रापुढे ठेवा. ‘नाम’चे सामान्यरूप ‘नामा’. यंत्र म्हणणार, की हे तर नाम, पण विभक्तीचा प्रत्यय गळालेला दिसतो! वर पुन्हा पुढच्या शतकांत विष्णुदास नामा नावाचे दुसरे कवी होऊन गेले, तेव्हा म्हणणारा नामा कोणता यावर माणसेच भांडतात. पण निदान ते छापलेले तरी आहे.

बोलण्याचे काय? आमच्याकडे कोणाच्या दारात जाऊन ‘‘आबा आहेत का?’’ विचारले, तर आतून उत्तर येते, ‘‘आबा जेवायलेत.’’ म्हणजे जेवत आहेत. ‘मी जायलो’, ‘ती येयली’, ‘तू काय करायलास?’ हा आमचा रोजचा वर्तमानकाळ. पुस्तकी मराठीत ‘जेवायला’ म्हटले की पुढे काहीतरी यावे लागते : जेवायला गेला, जेवायला बसला. आमच्याकडे ‘तो जेवायला’ म्हटले की वाक्य संपले आणि तो जेवतो आहे. पुतण्याच्या यंत्राला मी हे वाक्य घातले. ‘जेवायला’ हा शब्द त्याने उचलला, ‘बसा जरा’ म्हणून खुर्चीवर बसवला, आणि क्रियापदाची वाट बघत राहिले. आबांचे जेवण आटोपले, पान खाऊन झाले, वामकुक्षी झाली, पण यंत्राच्या लेखी नवरदेव यायचाच होता.

यात गंमत आहे, आणि नाहीही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये भाषिणी नावाचा उपक्रम काढला, तो चांगल्या हेतूने : माणसाने आपल्या भाषेत बोलावे, यंत्राने समजून काम करावे. समजा उद्या कयाधूला पूर आला आणि काठावरच्या एखाद्या बाईने रात्री अशा यंत्राला फोन लावला. ती काय म्हणेल? ‘पाणी घरात शिरायलं.’ तिचे वाक्य पूर्ण आहे. कर्ता आहे, अधिकरण आहे, आणि पाणी तर गुडघ्याला आहे. यंत्र मात्र ‘शिरायलं’ला खुर्ची देऊन नम्रपणे पुढच्या शब्दाची वाट बघणार.

आमच्याच औंढ्याजवळ लायगोची वेधशाळा व्हायची आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६०० कोटींची मंजुरी दिली. कोट्यवधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की त्याची कुजबुज इथे ऐकू येणार, आणि त्या गोंगाटातून नेमकी कुजबुज निवडायलाही शिकलेली यंत्रे मदतीला असतात. छानच आहे. मला फक्त एवढेच वाटले, की कृष्णविवराचे ऐकून झाले की त्यांनी जरा आमच्या गल्लीतही कान लावावा.

तर या दिवाळीपासून मी पुन्हा कामाला लागलो आहे. पुतण्याने संगणकावर चौकटी करून दिल्या आहेत. रोज सकाळी मी एसटी स्टँड, मोंढा, दवाखान्याची रांग असे फिरून कानावर पडलेली वाक्ये वहीत उतरवतो, आणि संध्याकाळी एकेका शब्दापुढे खूण करतो : हा कर्ता, हे कर्म, हे करण. शंका आली तर पुतण्याला फोन. ‘करायलाव’ ही चूक समजून पुण्यातल्या त्याच्या कोणा सहकाऱ्याने ते दुरुस्त करून टाकले, तेव्हा आमची तासभर खडाजंगी झाली. शेवटी ‘करायलाव’ राहिले. जिल्ह्याचा कोटा केव्हाच ओलांडला. काल एकशे बारावे वाक्य झाले.

ते शेजारच्या आत्याबाईंचे. अवकाळी पाऊस कोसळत होता आणि मी ओसरीवर बसून, ‘वसमतला हळदीचा भाव पडायला’ यातला ‘भाव’ कर्ता की काय, याचा विचार करीत होतो. आत्याबाई परात डोक्यावर धरून आल्या आणि म्हणाल्या, ‘‘गुर्जी, घरात पाणी शिरायलं अन् तुमी लिवत बसलाव?’’

परात आणि बादली घेऊन आधी त्यांच्याकडे गेलो. वाक्य रात्री चालवले. ‘अन्’ उभयान्वयी, ‘पाणी’ के-१, ‘घरात’ के-७, ‘शिरायलं’ क्रियापद, चालू वर्तमानकाळ.